कराडचे चव्हाण वकील

यशवंतराव चव्हाणांनी वकिली केली ती किती दिवस? 1941 साली पुण्याहून एलएल.बी. होऊन ते कराडला आले, काळा कोट चढवला आणि पुढच्याच ऑगस्टात तो खुंटीला अडकवून भूमिगत झाले. त्यांच्या चरित्रात ही वकिली दोन ओळींत मावते. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटतं.

कायद्याची पहिली ओळख त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात झाली होती. 1932 मध्ये, टिळक हायस्कूलचा हा विद्यार्थी झेंडा लावल्याबद्दल अठरा महिन्यांची सजा भोगायला गेला. वडील लहानपणीच गेलेले. आई विठाबाईंनी काबाडकष्टाने घर ओढलेलं. अशा घरातल्या मुलाची सनद म्हणजे सगळ्या घराचा आधार. ती हाती आल्यावर वर्षभरात बाजूला ठेवायची, याचं मोल पुढच्या मंत्रिपदांच्या यादीवरून कळत नाही.

2 जून 1942 ला फलटणच्या वेणूताईंशी लग्न झालं. दोन महिन्यांत 'चले जाव'. सातारा जिल्ह्यात तालुका कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. त्यांच्या आखणीत चव्हाण होते. वडूजला गोळीबारात नऊ जण पडले, इस्लामपूरला दोघे. नवरा सापडेना म्हणून पोलिसांनी 1943 च्या संक्रांतीला वेणूताईंना पकडलं. पुढे त्या आजारी पडल्या. त्यांना भेटायला फलटण संस्थानात गेलेले यशवंतराव तिथेच पकडले गेले.

1946 ला ते मुंबईच्या विधानसभेत गेले. 1949 ला सातारा जिल्हा दुभंगला, त्यांचं देवराष्ट्रे दक्षिण साताऱ्यात गेलं. 1960 मध्ये, ते मुख्यमंत्री असताना, त्याच जिल्ह्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणून जन्मगाव सांगलीत आणि पुढे लोकसभेचा मतदारसंघ साताऱ्यात. मराठी-गुजराती द्वैभाषिक मुंबई राज्याची धुरा घेतल्याचा राग लोकांनी 1957 च्या निवडणुकीत काढला. खुद्द कराडात ते थोडक्यात वाचले. तो राग रास्त होता, असं मला वाटतं. पण त्याच वर्षी 1 एप्रिलपासून कसणारी कुळं कायद्याने जमिनीची मालक होऊ लागली, आणि 1961 च्या कायद्याने जिल्हा परिषदा आल्या. कचेरीत हात जोडून उभ्या राहणाऱ्या माणसाला खुर्ची मिळाली. कराडच्या वकिलाचं खरं काम मला इथे दिसतं.

1962 ला चीनच्या आक्रमणानंतर संरक्षणमंत्री म्हणून ते दिल्लीला गेले, 1963 ला नाशिकमधून बिनविरोध लोकसभेत आले आणि 1967 पासून साताऱ्याचे खासदार झाले. गृहमंत्री म्हणून संस्थानिकांचे तनखे बंद करण्याच्या वाटाघाटी त्यांच्याकडे होत्या. सातारा-सांगलीचा मुलूख म्हणजे औंध, फलटण, सांगली, मिरज, जत अशा संस्थानांच्या ठिगळांचा. संस्थानी कारभार त्यांनी पुस्तकातून शिकला नव्हता. 1970 मध्ये तनखे रद्द करणारी घटनादुरुस्ती लोकसभेत संमत झाली आणि राज्यसभेत दोन-तृतीयांश मतांच्या अटीवर एका मताहूनही कमी फरकाने पडली. अखेर 1971 च्या डिसेंबरात सव्विसाव्या दुरुस्तीने तनखे संपले. चव्हाण तेव्हा अर्थमंत्री होते. रद्द झालेल्या तनख्यांत फलटणचाही होता.