तीन खेळ, एकच घड्याळ

20 ऑक्टोबर 2019 रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर भारतातली पहिली ‘आयर्नमॅन 70.3’ स्पर्धा झाली. समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचं, मग 90 किलोमीटर सायकल चालवायची आणि उतरल्या उतरल्या 21.1 किलोमीटर धावायचं. हे अंतर मैलांत मोजलं की 70.3 भरतं.

घड्याळ पाण्यात उतरताना सुरू होतं ते शेवटच्या रेषेपर्यंत थांबत नाही. कपडे सावरणं, बूट चढवणं, सगळा वेळ त्यातच धरतात. घाईत हेल्मेटचा पट्टा न लावता सायकल स्टँडवरून काढली, तर दंड.

शरीराची खरी कसोटी या बदलांच्या वेळीच लागते. पोहताना अंग आडवं असतं. किनाऱ्यावर एकदम उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं आणि भोवळ येऊ शकते. सायकलवर बराचसा भार सीट पेलते. धावताना मात्र प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-तीन पट बल पायावर येतं, तेही मांड्या थकलेल्या असताना. म्हणून सुरुवातीला पाय लाकडासारखे जड वाटतात. सायकलवरून उतरून थेट धावण्याचा सराव, ज्याला खेळाडू ‘ब्रिक’ म्हणतात, तो याचसाठी.

सायकलवर हवेचा विरोध सर्वांत जास्त शक्ती खातो. पुढच्याच्या मागे चिकटून चालवलं की तो बराच कमी होतो. त्यामुळे लांब पल्ल्याच्या स्पर्धांत ठरावीक अंतर राखावंच लागतं. ऑलिंपिकमध्ये (1.5, 40 आणि 10 किलोमीटर) मात्र घोळक्यानं सायकल चालवायला मुभा आहे, आणि त्यानं डावपेचच बदलतात.

उन्हाचं गणित वेगळं. स्नायूंना रक्त हवं आणि अंग थंड करायला त्वचेलाही हवं, म्हणून नाडी वाढते. घामावाटे मीठ जातं. नुसतं पाणी ढोसत राहिलं, तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतं.

एके काळचा राष्ट्रीय जलतरणपटू मिलिंद सोमण यानं 2015 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिकची पूर्ण आयर्नमॅन 15 तास 19 मिनिटांत पुरी केली. तिथं अंतरं 70.3 च्या दुप्पट: 3.8, 180 आणि 42.2 किलोमीटर.

इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीसारख्या नीराकाठच्या गावांत पोहणारी पोरं आहेत, सायकली आहेत, पोलीस भरतीसाठी 1600 मीटर पळणारेही आहेत. तिन्ही गोष्टी जोडून पाहाव्यात इतकंच बाकी आहे. 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर धावणं, ही ‘स्प्रिंट’ सुरुवातीला पुरेशी आहे. पण पोरांनो, वाहत्या कालव्यात किंवा नदीत एकट्यानं सराव करू नका. आधी तलावात, जाणत्या माणसाच्या नजरेखाली पोहा. सायकल काढाल तेव्हा हेल्मेट घाला.