उपाशी पेशी मरते का?

दिव्यात आमच्या चाळीत राहणाऱ्या एका काकूंना गेल्या वर्षी स्तनाचा कर्करोग निघाला. केमोथेरपी सुरू झाली आणि कुणीतरी सांगितलं, ‘जेवण तोडा, गाठ उपाशी मरेल.’ काकूंनी भात-पोळी सोडली. मी प्रयोगशाळेत पेशींवर काम करतो हे ठाऊक असल्यानं त्यांनी एकदा विचारलं, “खरंच मरते का रे ती?”

पेशी शरीराबाहेर वाढवून पाहण्याची आपल्याकडची वाट जुनी आहे. डॉ. कमल रणदिवे यांनी १९६०च्या दशकात परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. त्या संस्थेचा वारसा आज खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’कडे आहे.

प्रयोग साधा आहे. पेशींच्या बशीतलं पोषक द्रव काढून नुसतं क्षारांचं पाणी घालायचं. ‘एलसी-३’ या प्रथिनाला आधीच हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेलं असतं. पोट भरलेल्या पेशीत हा हिरवा रंग सर्वत्र पसरलेला दिसतो. उपास घडला की काही तासांत त्याचे ठिपके होतात. प्रत्येक ठिपका म्हणजे दुहेरी पापुद्र्याची पिशवी, मिलिमीटरच्या साधारण हजाराव्या भागाएवढी. तिच्यात पेशी आपलीच जुनी प्रथिनं, निकामी तंतुकणिका भरते. पिशवी लयकारिकेला मिळते, आतला माल पचतो आणि अमिनो आम्लं पुन्हा वापरात येतात. हेच स्वभक्षण. योशिनोरी ओसुमी यांनी उपाशी यीस्टमध्ये ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्या कामाला २०१६चं नोबेल मिळालं.

पण ठिपके वाढले म्हणजे पचन वाढलं, असं नव्हे. दिवा स्थानकात फलाटावर गर्दी दिसली, तर माणसं जास्त आली असतील किंवा गाडीच आली नसेल. म्हणून आम्ही मुद्दाम ‘गाडी’ थांबवतो: क्लोरोक्विनसारख्या औषधानं लयकारिकेचं पचन बंद करतो. ठिपके आणखी वाढले, तर माल आधी वाहून जात होता. वाढले नाहीत, तर वाट आधीच तुंबलेली होती.

गाठीच्या आतल्या पेशी रक्तवाहिनीपासून दूर असतात, त्यांना अन्न आणि प्राणवायू मुळातच कमी मिळतो. तरीही त्यांतल्या कित्येक तग धरतात, आणि स्वभक्षण हा त्यांचा एक आधार असतो. तो आधार काढून घेण्यासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या आहेत, पण तो अजून नेहमीचा उपचार झालेला नाही. बशीतला उपास आणि माणसाचा उपास यांतही मोठं अंतर आहे. माणूस जेवला नाही, तरी यकृत आणि स्नायू रक्तात साखर व अमिनो आम्लं सोडत राहतात. त्यातलं गाठीलाही मिळतं. झिजतो मात्र रुग्ण.

मी काकूंना म्हटलं, “उपासाची सवय तिला तुमच्याहून जास्त आहे. काय खायचं ते डॉक्टरांना विचारा, पण जेवण तोडू नका.” पुढच्या तपासणीला त्या आहारतज्ज्ञांनाही भेटून आल्या. त्या रात्री त्यांच्या घरातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या.