धुळ्यात छापलेले व्युत्पत्तिकोश आणि सावद्याची केळी

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड काढणारा माणूस; त्यांच्यामागे जुन्या कागदांचे गठ्ठे राहणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण त्या दप्तरात शब्दांचीही मोठी टिपणे होती. एकेक मराठी क्रियापद, एकेक नाम, आणि त्यापुढे ते कोणत्या मुळापासून कसे घडत आले याची मांडणी. धुळेकरांनी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापले आणि हे काम वाया जाऊ दिले नाही. मंडळाने १९३७ मध्ये राजवाड्यांचा मराठी धातुकोश छापला, १९४२ मध्ये नामादिशब्दव्युत्पत्तिकोश. दोन्हींचे संपादन कृ. पां. कुलकर्णी यांनी केले.

भाषेचा निवाडा पुण्या-मुंबईत होतो आणि आपण खानदेशातले लोक तो ऐकून घेतो, अशी समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. मला ती खटकते, कारण ती खरी नाही. मराठी शब्दांच्या मुळांचा शोध घेणारे हे दोन ग्रंथ खानदेशातल्या संस्थेने काढले. १९३६ चे साहित्य संमेलन जळगावला भरले, त्याचे अध्यक्ष माधव जूलियन. कवी म्हणून ते सर्वांना माहीत आहेत, पण १९२५ चा फार्शी-मराठी कोशही त्यांचाच. १९५२ चे संमेलन अमळनेरला झाले आणि अध्यक्षपदी होते तेच कृ. पां. कुलकर्णी, ज्यांचा स्वतःचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६ मध्ये आला होता. योगायोग म्हणा, पण आपल्या जळगाव जिल्ह्याने दोनदा कोशकाराला अध्यक्षाच्या खुर्चीवर पाहिले आहे.

या कोशांआधीचा एक मोठा मराठी कोश मोल्सवर्थचा. पहिली आवृत्ती १८३१ ची, वाढवलेली दुसरी १८५७ ची. त्यात शब्दापुढे संस्कृत, फारसी, अरबी, हिंदी अशा मुळाची खूण असते. ही खूण शब्दाचे माहेर सांगते, तिथून इथवरची वाट सांगत नाही. ती वाट दाखवणे हे व्युत्पत्तिकोशाचे काम.

सावद्यासारख्या केळीच्या गावात उदाहरण शोधायला लांब जायला नको. संस्कृत ‘कदली’. प्राकृतात दोन स्वरांमधला द टिकत नाही. ‘पाद’चा ‘पाय’ झाला तो असाच. म्हणून ‘कयली’. मग ‘अय’चा ए झाला, ‘केली’. मराठीत स्वरांमधल्या ल चा ळ होतो: ‘फल’चे ‘फळ’, ‘कमल’चे ‘कमळ’, ‘काल’चा ‘काळ’. म्हणून ‘केळ’. यात अंदाजाला जागा नाही. प्रत्येक पायरीला त्याच जातीचे आणखी शब्द साक्षीला उभे आहेत. ध्वनिबदलाचा नियम एका शब्दासाठी वाकवायचा नाही, ही या शास्त्राची पहिली अट. दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणून ते नातेवाईक ठरत नाहीत.

छापील कोश ‘केळ’पाशी थांबतो. सावदा, फैजपूर, रावेरच्या लेवा बोलीत मात्र शब्द आणखी एक पाऊल पुढे गेला आहे. इथे ळ चा य होतो. डोळ्याचा ‘डोया’, शाळेची ‘शाया’, काळ्याचा ‘काया’, आणि केळीची ‘केयी’. शाळेत मुलांना हा उच्चार अशुद्ध म्हणून टाकायला लावतात. ज्या नियमाने ल चा ळ झाला त्याला आपण मराठीचा इतिहास म्हणतो, आणि ज्या नियमाने ळ चा य झाला त्याला चूक म्हणतो. हा भेद शास्त्रात नाही. बहिणाबाईंची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली तेव्हा या बोलीला छापील पुरावा मिळाला, आणि कोशाला पुरावाच लागतो.

या बाबतीत इंग्रजांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या कोशात चांगल्या लेखकांची वाक्ये दाखल्याला दिली. ऑक्सफर्डच्या कोशाचा पहिला भाग १८८४ ला निघाला, शेवटचा १९२८ ला. संपादक जेम्स मरे यांच्याकडे हजारो वाचक जुनी पुस्तके वाचून चिठ्ठ्या पाठवत: शब्द, तो आलेले वाक्य, ग्रंथाचे नाव, साल. त्यामुळे अर्थाची प्रत्येक छटा सालवार लावता आली. त्या कोशाचा दरारा या चिठ्ठ्यांमुळे आहे. संपादकाचे मत पटले नाही, तर पुरावा समोर आहे. वाचक तो तपासून वेगळे मत देऊ शकतो.

‘बनाना’चेच पाहा. ऑक्सफर्डचा कोश हा शब्द पोर्तुगीज किंवा स्पॅनिशमधून आलेला मानतो, आणि त्यामागे पश्चिम आफ्रिकेतले नाव असल्याचे सांगतो. त्यासाठी ज्याची साक्ष काढली आहे तो गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य, आणि त्याचा ग्रंथ छापला गेला १५६३ मध्ये, आपल्या गोव्यात. गिनीत या फळाला ‘बनाना’ म्हणतात असे त्याने लिहून ठेवले होते. एका ओळीच्या नोंदीने तीन शतकांनंतर एका शब्दाचा पत्ता लावून दिला.

‘कदली’च्या मागे तरी काय आहे? झां प्शिलुस्की या पंडिताने ‘कदली’, ‘कार्पास’ (म्हणजे आपला कापूस) असे शब्द मुंडा वगैरे ऑस्ट्रोआशियाई भाषांमधून संस्कृतात आले असावेत असे मांडले. म्हणजे खानदेशच्या दोन्ही मोठ्या पिकांची नावे संस्कृतच्याही पलीकडची असण्याचा संभव आहे. राजवाड्यांना हे रुचले नसते. त्यांचा ओढा बहुतेक प्रत्येक शब्द संस्कृत धातूपर्यंत नेण्याचा होता, आणि त्या ओढीत त्यांची काही मुळे ताणलेली वाटतात. तरीही मला त्यांचा कोश मोलाचा वाटतो, कारण ते पायऱ्या उघड मांडतात. कुठली पायरी कच्ची आहे ते त्यांच्याच पानावर दिसते. राल्फ टर्नर यांनी १९६६ च्या इंडो-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात तर कुठल्याही ग्रंथात न सापडलेल्या, केवळ तर्काने उभारलेल्या रूपावर तारका छापली. सापडलेले कोणते आणि मानलेले कोणते, हे वाचकाला एका नजरेत कळते.

आपल्या प्रांताच्या नावाचा वाद याच कसोटीवर घासून पाहावा. कोणी ‘खान’ या फारुकी सुलतानांच्या पदवीवरून सांगतो, कोणी कान्हदेश म्हणतो. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि शहजादा दानियालच्या नावावरून प्रांताला ‘दानदेश’ म्हटले. खानच्या जागी दान बसवला, म्हणजे त्या काळी दरबारी लोकांना या नावात ‘खान’ ऐकू येत होता एवढे पक्के. नाव मुळात तसेच पडले, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. पुरावा जेवढे बोलतो तेवढेच त्याच्या तोंडी घालायचे.

केळीच्या बागेतला एक शब्द मला फार दिवस खुणावतो आहे: ‘निसवणे’. लागवड मृगबागेची असो की कांदेबागेची, शेतकरी विचारतो, “बाग निसवली का?” खोडातून घड बाहेर पडला की बाग निसवली. ज्वारीचे कणीस पोटरीतून बाहेर येते तेव्हाही हाच शब्द. याचे मूळ दोन ठिकाणी शोधता येते. ‘प्रसव’मधल्या ‘सू’ला ‘निस्’ लागून जन्माला येणे, किंवा ‘स्रव’पासून बाहेर पाझरणे. ध्वनीच्या नियमांत दोन्ही बसतात. अर्थाने मला पहिले जवळचे वाटते, पण माझ्या वाटण्यावर कोशातली नोंद उभी राहत नाही. निवाडा करायला जुनी वाक्ये हवीत, शेजारच्या भाषांतली रूपे हवीत, आणि हा शब्द आज आणखी कशाकशाला लावतात हेही हवे.

यातले शेवटचे काम सावद्यातच होऊ शकते. घड कापणारे, वाहणारे, ट्रक भरणारे, जुन्या पिलबागा पाहिलेले म्हातारे, सगळे बोलते आहेत. शब्द, बोललेले पूर्ण वाक्य, बोलणाऱ्याचे गाव आणि वय, तारीख. एका चिठ्ठीवर एवढेच लिहायचे, आणि ‘केयी’ ऐकली तर ‘केयी’च लिहायची.