वऱ्हाडच्या ताटात पोर्तुगीज

अकोला-अमरावतीकडे पोर्तुगीजांचा विषय काढला की लोक सरळ सांगतात, 'ते गोव्याकडं, वसईकडं. आमच्या इकडं कुठले आले?' हे खरंच आहे. वऱ्हाडात पोर्तुगीजांचा किल्ला नाही, वखार नाही. त्यांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, १५३४ मध्ये वसई मिळवली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती परत जिंकली. या सगळ्या काळात त्यांची सत्ता किनाऱ्याला धरून राहिली. वऱ्हाडवर राज्य करणाऱ्या एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या इमादशाहीला समुद्रच नव्हता. चौल बंदर निजामशाहीचं होतं, दाभोळ आदिलशाहीचं. १५७४ मध्ये निजामशाहीनं वऱ्हाड गिळलं आणि १५९६ मध्ये ते मोगलांकडे गेलं. पोर्तुगीजांशी थेट गाठ पडायचं काही कारणच नव्हतं.

पण यावरून 'संबंधच नाही' असं म्हणणं चूक आहे. त्यांचा वऱ्हाडशी संबंध शोधायचा तर किल्ल्यात नाही, चुलीपाशी शोधावा लागतो.

ठेच्याचंच बघा. हिरव्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे लोखंडी तव्यावर तेलात चांगले पोळू द्यायचे, मिरचीच्या सालीवर काळे डाग आले की मीठ टाकायचं आणि तव्यातच तांब्याच्या बुडानं रगडायचं. ठसका शेजारच्या घरापर्यंत जातो. ज्वारीची भाकर आणि हा ठेचा म्हणजे वऱ्हाडचं आदिम जेवण, असं आपण धरूनच चालतो. यातली ज्वारी खरोखर जुनी, हजारो वर्षांची. मिरची मात्र अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचेपर्यंत आशियात कुणी ती पाहिली नव्हती. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला तो मिऱ्यांच्या व्यापारासाठी. १५०० मध्ये पोर्तुगीज ब्राझीलला पोचले, आणि मिऱ्यांसाठी आलेल्या त्याच लोकांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्याला लागली.

वऱ्हाडातला एक पुरावा माझ्या विशेष आवडीचा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात महानुभाव पंथाचं 'लीळाचरित्र' लिहिलं गेलं. त्या पंथाचे गोविंदप्रभू ज्या गल्ल्यांतून हिंडले, तिथल्या एकाही घरात तेव्हा मिरची नव्हती. तीनशे वर्षांनी, १५९० च्या दशकातल्या 'आईन-ए-अकबरी'त शाही मुदपाकखान्याच्या जिनसांचे भाव दिलेत. त्यात मिरे आहेत, सुंठ आहे, पिंपळी आहे, मिरची नाही. त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याचंही वर्णन आहे. म्हणजे किनाऱ्यावर येऊनही आतल्या मुलखात मिरचीचं बस्तान बसायला बराच काळ गेला. मीठ आणि धान्य वाहणाऱ्या लमाणांच्या तांड्यांनी किंवा बाजारहाट करणाऱ्या व्यापाऱ्यांनी ती इथवर आणली असावी. पोर्तुगीजांनी वऱ्हाडला मिरची शिकवली असं म्हणण्यात अर्थ नाही. ती गरिबानं उचलली. मिरे मलबारच्या दमट हवेत होतात आणि विकतच घ्यावे लागतात. मिरची परसात, बांधावर, काळ्या मातीत येते, वाळवली की वर्षभर टिकते आणि चिमूटभरात भाकर गिळवते.

'मग आधी वऱ्हाडी जेवण मिळमिळीत होतं का?' असं पाहुणे विचारतात. मुळीच नाही. मिरचीआधीचा तिखटपणा अजून जिवंत आहे, आणि तो बघायला अंजनगाव सुर्जीला जावं. १८०३ च्या तहामुळे इतिहासाच्या पुस्तकात आलेलं हे गाव. इथं आणि अकोटकडे बारी समाजाचे पानमळे आहेत, आणि त्यांच्या जोडीनं पानपिंपळी लावतात. नागवेलीसारखीच पानं, गर्द सावली, पायाखाली ओल. शेतकरी बोटभर लांबीचं हिरवं, खरबरीत कणीस देठापासून खुडतो. ते उन्हात वाळून काळं पडतं. चावून बघा: आधी गोडसर, मग सावकाश जिभेवर चढत जाणारी धग. मिरचीसारखी एकदम भडकत नाही, पण उतरतही नाही. आज हा माल बहुतेक आयुर्वेदिक औषधांसाठी जातो. खुडणी, वेलीची निगा, सावली राखणं यात मजुरी फार, म्हणून मळे टिकवणं अवघड झालंय. वऱ्हाडी तिखटावर बोलणाऱ्या प्रत्येकानं हा मळा एकदा बघावा, असं मला मनापासून वाटतं. आणि हो, सावजीला वऱ्हाडी म्हणू नका. ती नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांची चव; वऱ्हाडाची तऱ्हा वेगळी आहे.

उपवासाच्या ताटाबद्दलचा गैरसमज याहून घट्ट आहे. एकादशीची साबुदाण्याची खिचडी पुराणकाळापासून चालत आली, असं घरोघर मानतात. आपला साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा, बटाटा, रताळं, मिरची ही सगळी मंडळी तिकडचीच. यातल्या प्रत्येकाची वाट पोर्तुगीजांचीच होती असं मात्र नाही. बटाट्याचं नाव पोर्तुगीज, पण देशभर त्याची लागवड वाढली ती इंग्रजी अमलात. त्या ताटात खरा जुना आणि इथला कोण? भगर आणि शिंगाडा. याचा अर्थ खिचडी सोडावी असा नाही. धान्य वर्ज्य, कंद चालतो, या जुन्या नियमात लोकांनी नवे कंद बसवून घेतले, त्यांच्या श्रद्धेला त्यानं काही उणेपणा येत नाही.

संत्र्याच्या बाबतीत गैरसमज उलट्या बाजूचा आहे. वरूड-मोर्शीच्या बागा बघून कुणीतरी हमखास सांगतो की हे फळ पोर्तुगीजांनी आणलं. नाही. बाबरानं आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या फळांमध्ये संत्र्याची नोंद केली आहे आणि तो १५३० मध्ये वारला. लिंबूवर्गी फळांचं मूळ घर आशियाच. उलट, गोड नारिंगाचा युरोपात प्रसार करण्यात पोर्तुगीजांचा वाटा मोठा. अरबीत आणि ग्रीकमध्ये त्या फळाला आजही पोर्तुगालवरूनच नाव आहे.

मेळघाटच्या पायथ्याला सीताफळं विकायला बसलेल्या बाया सीतामाईच्या वनवासाची गोष्ट सांगतात. ती ऐकावी, गोड आहे. भारहुतच्या प्राचीन शिल्पांत पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमला सीताफळ दिसलं होतं, त्यावर अजून वाद आहे. झाडाचं कूळ मात्र अमेरिकेतलं.

मिरचीला वगळून वऱ्हाड चाखायचं असेल तर एखाद्या नवसाच्या जेवणात रोडग्यांच्या पंगतीला बसा. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, राख झटकून फोडतात आणि तुरीच्या वरणात कुस्करतात. तूर आणि वांगं दोन्ही या देशातलीच. सोबतच्या वांग्याच्या भाजीत मिरची असतेच. वाढप्याला आधी सांगितलंत तर तो तुमच्यासाठी वरणावर भागवेल, वर तुपाची धारही सोडेल.