मामाजींची चाल आणि मेंदूतले ब्रेक

आम्ही मेकॅनिकलवाले इंजिनाचं कौतुक करतो, ब्रेकचं कोणी करत नाही. मीही करत नव्हतो. मामाजींमुळे करायला लागलो.

मामाजी आरमोरीकडचे. मार्च-एप्रिलात मोहफुलं पडू लागली की पहाटेच अख्खं घर टोपल्या घेऊन झाडाखाली. मोह आमच्याकडे पैसा देतो, देवाला लागतो आणि दारूलाही लागतो. मामाजींनी या तिसऱ्या उपयोगाकडे वीस वर्षं जरा जास्तच लक्ष दिलं. डॉ. अभय बंग-राणी बंग आणि गावोगावच्या बायकांच्या आंदोलनानंतर 1993 पासून गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे. पण शोधणाऱ्याला मिळायची.

आता चार वर्षं झाली, मामाजी थेंबही घेत नाहीत. चालतात मात्र प्यालेल्यासारखेच. पाय फाकवून, वळताना भिंत धरून. गावातली पोरं म्हणतात, "बुढा लपून पिऊन राहिला." खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायचं.

मागच्या दिवाळीत त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी खाटेवर झोपवून सांगितलं, एका पायाची टाच दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा आणि नडगीवरून सरळ खाली आणा. करून बघा, सोपं आहे. मामाजींची टाच डावीकडे-उजवीकडे घसरत खाली आली. डॉक्टर म्हणाले, "हे पिणं नाही, लहान मेंदू झिजला आहे."

होस्टेलवर परत येऊन मी लायब्ररी पालथी घातली. लहान मेंदू वजनाने एकूण मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढा. पण मेंदूतल्या सुमारे 8,600 कोटी चेतापेशींपैकी 6,900 कोटी इथेच आहेत. त्यातल्या बहुतेक इवल्याशा कणिका पेशी. त्यांच्या वर पुर्किंजे पेशींची रांग. पुर्किंजे नावाच्या शास्त्रज्ञाने 1837 मध्ये त्यांचं वर्णन केलं. वहीत दाबून ठेवलेल्या फांदीसारखी चपटी पेशी, आणि एकेकीला लाखाहून जास्त जोडण्या! एवढी माहिती गोळा करून ही पेशी पुढे काय सांगते? फक्त "थांब". लहान मेंदूच्या सालीतून बाहेर जाणारी एकमेव वाट या पेशींची, आणि ती पूर्णपणे रोखणारी आहे, हे जपानच्या मासाओ इतो यांनी 1960 च्या दशकात दाखवलं.

आता हे "थांब" म्हणजे काय, ते इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना पटकन कळेल. चेतापेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा साधारण 65 मिलिव्होल्ट कमी दाब असतो. तो ठरावीक पातळीपर्यंत वर आला की पेशी ठिणगी टाकते. पुर्किंजे पेशीच्या टोकातून गाबा नावाचं रसायन सुटतं, मधली अतिसूक्ष्म फट ओलांडतं आणि समोरच्या पेशीवरची क्लोराइडची दारं उघडतं. ऋण भाराचे क्लोराइड आयन आत शिरले की दाब खालीच धरून ठेवला जातो. ट्रान्झिस्टरचा बेस ग्राउंडला ओढावा तसं. वरून कितीही सिग्नल येऊ द्या, ठिणगी पडत नाही.

गंमत अशी की पुर्किंजे पेशी कोणी न सांगताही सेकंदाला कित्येक वेळा ठिणग्या टाकत असते. म्हणजे ब्रेक कायम दाबलेला. आतल्या केंद्रांना बोलायची संधी मिळते ती हा ब्रेक क्षणभर ढिला झाल्यावर. उतारावर एस.टी.चा ड्रायव्हर पायाखालचा ब्रेक कमी-जास्त करत गाडी उतरवतो ना, तसंच. कोणता स्नायू कधी सोडायचा आणि कधी आवरायचा, हे त्या ढिलाईच्या वेळेवर ठरतं. वेळ चुकली की टाच घसरली.

मग दारू काय करते? "दारूने ब्रेक फेल होतात" असं आपण म्हणतो. लहान मेंदूच्या दारावर नेमकं उलटं घडतं. तिथे गोल्गी पेशी असतात, त्या कणिका पेशींना गाबा देऊन आवरतात. 2004 मध्ये उंदरांच्या मेंदूवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की अल्कोहोलमुळे गोल्गी पेशी जास्त चेकाळतात आणि कणिका पेशींवर गाबाचा मारा वाढतो. म्हणजे ब्रेक जाम! पाय कुठे पडला, तोल कुठे गेला, ही खबर आतच शिरत नाही.

चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 ला दारूबंदी आली, 2021 मध्ये उठली. योग्य झालं की नाही यावर आमच्या विंगमध्ये अजून रात्र-रात्र वाद होतात. त्यात मी पडत नाही. पण "दोनच पेग झाले बे, गाडी मीच चालवतो" म्हणणाऱ्याची चावी मी आता काढून घेतो. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, आणि ती ओलांडायला फार लागत नाही.

एका रात्रीचा जाम ब्रेक सकाळपर्यंत सुटतो. वीस वर्षांचं तसं नाही. सतत दारू, त्यात पोटात धड जेवण नाही, बी-1 जीवनसत्त्वाची कमतरता. यात पुर्किंजे पेशीच मरतात. झीज जास्त होते ती मधल्या पट्ट्याच्या पुढच्या-वरच्या भागात, आणि तोच भाग पाय आणि धड सांभाळतो. म्हणून मामाजींचे हात अजून बरे आहेत, टोपली विणतात; पाय गेले. दारू सुटल्याने पुढची झीज थांबते, थोडाफार फरकही पडतो.

हे सगळं त्यांना ओसरीवर बसून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "बाबू, तुह्या कॉलेजात गाडीचे ब्रेक बदलवते. हे बदलवता येते का?"

"नाही, मामाजी."

"बरं," म्हणाले, आणि भिंत धरून उठले.