संदेश आणि विवेक

पूर्वी गावात बातमी फिरे ती दवंडीने, नाही तर चावडीवरील बोलण्यातून. सांगणारा समोर असे. त्यामुळे खरेखोटे त्यालाच विचारता येई. आज कोल्हापूरजवळच्या उचगावात मोबाइलवर येणारा संदेश मुळात कोणी लिहिला, हे बहुधा कळत नाही.

या साधनाचे उपकार थोडे नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर येऊन शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा अडकलेल्यांची हाक अशाच संदेशांतून दूरवर पोहोचली.

परंतु जो वेग सत्याला लाभतो, तोच असत्यालाही लाभतो. २०१८ मध्ये मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरली. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच निरपराध भिक्षेकरी त्या संशयापायी जमावाकडून मारले गेले. पुढे, एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी धाडता येईल, अशी मर्यादा कंपनीने भारतात घातली.

यंत्राला मर्यादा घालता येते. विवेक मात्र ज्याचा त्यानेच बाळगावयाचा असतो. म्हणून संदेश पुढे धाडण्यापूर्वी तो कोणी व कशाच्या आधारे लिहिला, हे पाहावे. उत्तर न मिळाल्यास तो आपल्यापाशीच थांबवावा.