बॅटरीची गाडी घेण्यापूर्वी

गुडघे गेले की माणसाचे जग खळ्याएवढे होते. आमच्या घरी तसेच झाले. आमच्या मंडळींना दहा पावले चालले की टेकावे लागे. मालवणचा बाजार सुटला, देऊळ सुटले. मुलाने हे पाहिले आणि मुंबईहून बॅटरीची लहान स्कूटर पाठवून दिली.

ही गाडी म्हणजे काय, ते आधी सांगतो. बसायला खुर्ची, पुढे हँडल, खाली तीन किंवा चार चाके. खटका दाबला की चालते, सोडला की आपोआप थांबते. अमेरिकेत अ‍ॅलन थीम नावाच्या गृहस्थांनी १९६८ साली घरच्या आजारी माणसासाठी अशी गाडी बनवली. तेथून तिचा प्रसार झाला.

आमची गाडी दिसायला झकास होती. पण आमच्या पडवीला तीन पायऱ्या. पुढे चिऱ्याची पाणंद. गाडीचे पोट जमिनीपासून जेमतेम दोन इंच वर! पहिल्याच दिवशी ते एका चिऱ्यावर टेकले आणि चाके नुसतीच फिरू लागली. चौघांनी धरून ती घरी आणली. मंडळी म्हणाल्या, "गाडी माका न्हेतली, की मी गाडीक न्हेतलंय?"

चूक मुलाची नव्हती, माझी होती. मी त्याला वाट कशी आहे हे कळवलेच नव्हते. म्हणून सांगतो, दुकानात जाण्यापूर्वी टेप घेऊन आपली वाट मोजा. दार किती रुंद, उंबरठा किती उंच, चढ किती? चढ मोजणे सोपे आहे. दहा फुटांचा सरळ बांबू घ्या. एक टोक चढावर टेकवा, दुसरे उचलून बांबू आडवा समतल धरा. अर्धी भरलेली पाण्याची बाटली त्यावर ठेवली की समतल कळते. उचललेले टोक जमिनीपासून एक फुटाहून वर असेल, तर तो चढ लहान गाडीला जड जातो. वाळूत तर या गाड्या रुततातच.

आता दुसरी गोष्ट, उचलणार कोण? प्रवासाच्या गाड्या दोन तऱ्हेच्या. एक सुटी करून चार-पाच तुकड्यांत नेता येते. दुसरी घडी होते, पण सगळे वजन एकदम उचलावे लागते, वीस-पंचवीस किलो! म्हणजे तांदळाचे पोतेच की. विकणारा एकूण वजन सांगेल. तुम्ही विचारा, सर्वांत जड तुकडा किती किलोचा? तो स्वतः उचलून पाहा. आपल्याला मुंबईला जायचे तर कुडाळ किंवा कणकवली गाठावे लागते, आणि आगगाडी तेथे थोडाच वेळ थांबते. तेवढ्या वेळात माणूसही चढवायचे आणि गाडीही.

तीन चाकांची गाडी थोड्या जागेत वळते, पण तिरक्या वाटेवर कलंडू शकते. आपल्याकडे चारच बऱ्या.

बॅटरीवर दोन आकडे असतात, व्होल्ट आणि अँपिअर-तास. त्यांचा गुणाकार करा. २४ गुणिले १० म्हणजे २४० वॉट-तास. विमानाने जायचे असेल तर सुट्या होणाऱ्या लिथियम बॅटरीला ३०० ची मर्यादा आहे, आणि कंपनीला आधी कळवावे लागते. छापलेले अंतर सपाट रस्त्यावरचे असते. आपण त्याचे निम्मेच धरावे.

एक धोका मात्र ध्यानात ठेवा. गाडी हाताने ढकलण्यासाठी मागे एक दांडी असते. ती फिरवली की ब्रेक सुटतो. उतारावर माणूस बसलेले असताना तिला हात लावू नये. आणि आपली हवा खारी. बॅटरीची टोके कोरड्या फडक्याने पुसत जा, पावसात गाडी काढू नका.

केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून पात्र दिव्यांगांना बॅटरीची तिचाकी मिळते. ती दणकट असते, पण रिक्षात मावत नाही. ओरोसला जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात तिची चौकशी करावी.

आम्ही ती पहिली गाडी बदलून सुटी होणारी घेतली. तिचा जड तुकडा चौदा किलोचा आहे. पाणंदीतून मंडळींना साध्या चाकाच्या खुर्चीतून नेतो. बॅटरीची गाडी रस्त्यालगत पुतण्याच्या दुकानात असते, तेथेच चार्ज होते. गेल्या बुधवारी रिक्षात तुकडे घालून मालवणला गेलो. मंडळींनी बांगडे स्वतः कल्ले उघडून पाहिले, आणि भाव पाडूनच घेतले.